कोपऱ्यातला वाफा

मला हरायला आवडत नाही. लहानपणी सागरगोटे असोत, नाहीतर आता जावेबरोबर पोळ्या लाटणं असो, दुसरी पुढे गेली की माझी कानशिलं तापतात. ही खोड काही चांगली नाही, हे मला आईनं शंभर वेळा सांगितलंय. पण खोड गेली नाही, आणि ती गेली नाही हे किती बरं झालं, तेच सांगायला बसले आहे.

बारामतीत माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. छपाई दुसरीकडे होते; माझ्याकडे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा, गणपती कुठे बसवायचा, मामांची नावं कोणत्या क्रमानं घालायची, ही कामं. मामांचा क्रम चुकला तर लग्न मोडायची वेळ येते, म्हणून त्या कामाला डोकं लागतं. पण लग्नसराई सरली की दुकानात मी आणि पंखा, दोघंच.

अशाच एका रिकाम्या दुपारी पत्रिकेसाठी नवी वेलबुट्टी शोधता शोधता ब्राउझरमध्ये भलतंच पान उघडलं. काळा पडदा. वर रंगीत विटांच्या सहा ओळी. खाली एक बुटकी फळी, आणि मध्ये एक पांढरा चौकोनी ठिपका, ज्याला चेंडू म्हणायचं. मी खुर्चीतून जवळजवळ उडालेच. हा खेळ मला माहीत होता!

बावड्याला मामाच्या घरी टीव्हीला जोडायचा एक डबा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामेभाऊ त्याच्यासमोर मांड्या ठोकून बसायचे आणि मी मागे उभी. 'पोरींनी बगायचं, हात लावायचा न्हाय,' असा त्यांचा कायदा. एकदा फार रडले तेव्हा एक चेंडू खेळायला दिला. एक! तो मी पहिल्याच फटक्याला घालवला आणि सगळे खो खो हसले. त्या हसण्याचा राग तीस वर्षं माझ्या पोटात होता, हे मला त्या दुपारी कळलं.

मग काय! मी दुकानाचं दार लोटलं, पदर खोचला आणि माऊस हातात घेतला. चेंडू सुटला, विटेवर आदळला, टक्कन आवाज आला, वीट गायब. परत खाली. फळी नेली, टक. परत वर. एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीत काय जीव अडकतो! चेंडू हळूहळू वेग धरतो आणि आपला श्वास त्याच्याबरोबर धावायला लागतो. जेवणाचा डबा तसाच राहिला. एक गिऱ्हाईक मुलीच्या पत्रिकेचा कच्चा नमुना बघायला आलं, त्याला मी मान न वळवता म्हटलं, "थांबा, दोनच चेंडू राहिलेत." तो भला माणूस थांबला. थोड्या वेळानं माझ्या खुर्चीमागून त्याचाच आवाज आला, "डावीकडं, ताई, डावीकडं!"

तीन चेंडूंत सगळी भिंत पाडायची, असा तो डाव. आठवडाभरात मी इतकी तयार झाले, की शेवटी फक्त चार विटा उरल्या. पण त्या चार काही पडेनात.

माझे वडील, तात्या, शेळगावला राहतात. वय एकाहत्तर. शेती आता भाऊ बघतो, पण बाजाराच्या दिवशी काकडी-दोडक्याची पोती मोटारसायकलला बांधून बारामतीला आणायचं काम तात्यांनी कुणाला दिलेलं नव्हतं. ती मोटारसायकल म्हणजे त्यांचं राज्य. भाऊ म्हणाला, "टेम्पोत टाकू की," तर ते म्हणायचे, "मग म्या काय घरात बसून भिंती राखू?" माल उतरवला की ऊन उतरेपर्यंत माझ्या दुकानात बसायचं, चहा घ्यायचा, कोणाच्या पत्रिकेत कोण पाहुणे आहेत ते वाचायचं, आणि मग शेळगावची वाट धरायची. अशाच एका बाजारच्या दिवशी ते आत आले, तेव्हा मी शेवटच्या चार विटांशी झुंजत होते.

"ह्ये काय गं?"

"खेळ आहे तात्या. चेंडू खाली पडू द्यायचा नाही."

ते थोडा वेळ टोपी हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी दारं धरायची."

ज्यानं रानात पाणी पाजलंय त्याला हे सांगायला नको. पाटानं पाणी येतं, आपण खोरं घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभं राहायचं. वाफा भरला, की त्याचं तोंड चिखलानं बंद करायचं आणि पाणी पुढच्या वाफ्याला सोडायचं. ते दारं धरणं. तात्यांनी उभा जन्म दारं धरली आहेत. त्यांना म्हणे वाफा भरला हे नुसत्या आवाजावरून कळतं.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि माऊस हातात दिला. त्यांनी तो टेबलावरून उचलून हवेतच फिरवला. "तात्या, टेबलाला टेकवा!" पहिले तीन चेंडू पन्नास मोजायच्या आत गेले. पुढच्या डावात दहाबारा विटा पडल्या. त्याच्या पुढच्या डावात चेंडूनं भिंतीला कडेनं भोक पाडलं आणि तो वर जाऊन विटांच्या माथ्यावर तडतड तडतड नाचायला लागला. वरून विटा नुसत्या उडतायत! तात्या ताडकन उभे राहिले.

"फुटला! पाट फुटला!"

आणि खरं सांगते, त्यांचा डावा हात खोरं शोधत मागे गेला. रानात पाट फुटला म्हणजे सत्यानाश, इथे मात्र पाट फुटला की आपली चांदी. हे कळल्यावर ते एवढे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. शेजारचा टेलर डोकावून गेला.

तेव्हापासून बाजारच्या दिवसाची मी वाट बघायला लागले. आमचे नियम ठरले. दोघांना एकेक डाव, ज्याच्या कमी विटा उरतील तो जिंकला, बरोबरी झाली तर आधी खेळलेला. हरणाऱ्यानं चहा करायचा आणि दुकानात जो कोण असेल त्याच्यासमोर 'मी हरलो' असं मोठ्यानं म्हणायचं. पहिले दोन आठवडे चहा तात्यांनीच केला. साखर कमी पडायची, पण जिंकल्याचा चहा कसाही असला तरी गोड लागतो. तेही काही कमी नव्हते. निघताना मोटारसायकलला किक मारता मारता म्हणायचे, "फुडल्या बाजारी बगतो तुला."

आणि तात्या खरंच सुधारत चालले होते. त्यांची एक युक्ती होती. मी चेंडूच्या मागे फळी पळवायची. ते चेंडू वर असतानाच फळी नेऊन ठेवायचे आणि थांबायचे. "पान्याच्या मागं पळत्यात व्हय? पानी जितं येनार तितं आदीच जाऊन ऱ्हायचं." चेंडू मुकाट्यानं त्यांच्या फळीवर यायचा. उजव्या बाजूला तर त्यांचा एक चेंडू सुटायचा नाही.

पण डावीकडचा कोपरा आला, की भलतंच व्हायचं. चेंडू सरळ येतोय, फळी दोन बोटांवर आहे, आणि हे हललेच नाहीत. चेंडू खाली गेला. मी विचारलं, "अहो तात्या, हे काय?"

"सोडलं म्या. त्यो वाफा भरला."

मी पोट धरून हसले. माणूस खेळ विसरला आणि सवयीनं पाणी पुढे सोडलं! लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "त्येंच्या डोस्क्यातनं दारं जायची न्हाईत गं." भावाला सांगितलं, टेलरला सांगितलं, पत्रिका घ्यायला येणाऱ्यांना सांगितलं. लोक येऊन विचारायला लागले, "आबांचा वाफा भरला का?" तात्याही मान डोलवायचे. एकदा डाव्या कोपरानं त्यांनी चहाचा ग्लास पाडला, पुन्हा एकदा पाडला, तेव्हाही मी म्हटलं, "हाही वाफा भरला वाटतं!" मोटारसायकलचा डावा आरसा फुटून आला. म्हशीनं धडक दिली म्हणाले. म्हशीवरही मी एक विनोद केला.

मग तो दिवस आला. माझ्या त्या डावात नऊ विटा उरल्या होत्या. तात्यांच्या शेवटच्या चेंडूवर अकरा, दहा, नऊ... बरोबरी झाली! मी खुर्चीच्या कडेवर आले. आणखी एक पडली की मला चहा करावा लागणार, त्या टेलरसमोर 'मी हरले' म्हणावं लागणार. चेंडू खाली आला, डाव्या कोपऱ्याकडे, अगदी सावकाश. लहान पोरानंही अडवला असता. तात्या हलले नाहीत.

"भरला वाफा," ते म्हणाले.

या वेळी मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. हा माणूस मला जिंकू देतोय! मुद्दाम सोडतोय! लेक आहे, बिचारीला वाईट वाटेल, म्हणून. बावड्याच्या त्या एका चेंडूसारखं, दयेनं. माझी कानशिलं पेटली.

"तात्या, मला फुकटचं जिंकायचं नाही."

"कुनी दिलं फुकाट?"

"मग उजवीकडचा वाफा कधीच कसा भरत नाही? दर वेळी डावाच भरतो? तुम्ही मुद्दाम सोडता."

"न्हाय गं."

"मुद्दाम सोडता! नाहीतर एवढा मोठा चेंडू दिसत नाही का तुम्हाला?"

ते गप्प झाले. तोंडात आलं ते मी बोलून गेले होते, पण त्यांचं गप्प होणं मला विचित्र वाटलं. तात्या भांडणात गप्प बसणारे नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते आणि माऊसवरचा हात तसाच होता.

"तात्या, उजवा डोळा झाका बरं."

"कशापायी?"

"झाका तर."

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोर नवा डाव मांडलेला होता, सहाही ओळी लखलखत होत्या. त्यांनी मान जराशी वर केली, इकडे तिकडे वळवली.

"लाईट गेली व्हय गं?"

वर पंखा भरधाव फिरत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंतर आम्ही दोघांनीही चहा केला नाही. त्यांना मी मोटारसायकलवर बसूच दिलं नाही. ते ओरडले, मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच ते लेकीच्या घरी कपडे न आणता राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मी स्कूटी चालवत होते, तात्या मागे. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, दिवे मारले, आणि म्हणाले, नजरेचा पसारा मोजायला लागेल. एका खोलीत यंत्र होतं. आतून पांढरं, मोठ्या परातीसारखं. त्यात तोंड घालून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं.

तात्यांनी आत डोकं घातलं आणि विचारलं, "ह्यात फळी कुठं हाय?"

तपासणाऱ्या मुलीला काही कळेना. मी कोपऱ्यात बसून ओठ चावले. हसू की रडू ते समजत नव्हतं. चाचणी सुरू झाली आणि तात्या बटण दाबतच सुटले, टकटक टकटक.

"आबा, दिसल्यावरच दाबा हो."

"आगं, दाबत ऱ्हायलं की येकबी सुटायचा न्हाय."

"असं चालत नाही आबा. परत सुरू करते."

दुसऱ्यांदा ते प्रामाणिकपणे खेळले. उजव्या डोळ्याला बटण वाजत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. मग डाव्या डोळ्याची पाळी आली. मी आवाजाकडे कान लावून बसले. एक टक. बराच वेळ काही नाही. एक टक. मग काहीच नाही. मुलगी यंत्राकडे बघत होती, म्हणजे ठिपके येत होते. तात्या ताठ बसून त्यांची वाट बघत होते. माझ्या आयुष्यात मी एवढी शांतता ऐकली नाही.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावर काळे डाग होते. काचबिंदू. डावा डोळा बराच गेलेला, आणि उजव्याचीही डावीकडची कड जायला लागलेली. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. एक डोळा दुसऱ्याचं उणं झाकून नेतो. "गेलेली नजर परत येणार नाही," ते म्हणाले, "पण राहिलेली राखता येईल. रोज थेंब, न चुकता. उजवा डोळा वेळेत सापडला. कसा काय लक्षात आला तुमच्या?"

"भांडणात," मी म्हटलं.

तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी?" डॉक्टरांनी नकाराची मान हलवली.

परत येताना स्कूटीवर ते माझ्या पाठीमागे बसले होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मला वाटलं म्हातारपन असंल. कडंनं जरा अंदार येतो, एवडंच. कुनाला काय सांगायचं?" मला ते ऐकवेना. ज्या अंधाराला त्यांनी वाफा म्हणून झाकलं होतं, तो मी विनोद करून साऱ्या बारामतीत वाटला होता. त्या डाव्या आरशासकट ते उसाच्या ट्रेलरांमधून बारामती-इंदापूर रस्त्यानं येत होते, आणि मी म्हशीवर हसत होते. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

पुढचे चार बाजार तात्या आले नाहीत. माल टेम्पोतून यायला लागला. भाऊ सांगायचा, थेंब घालतात, पण ओट्यावर बसून असतात. मी दुकानात खेळ उघडायचे आणि दोन चेंडूंत बंद करायचे. कुणाला हरवायचं नसेल तर त्या विटा नुसत्या विटाच की! फोनवर तात्या म्हणायचे, "काय करायचं येऊन? येतानाबी दुसऱ्याच्या जिवावर, जातानाबी दुसऱ्याच्या." समजुतीच्या गोष्टी मला येत नाहीत. मला येतं तेच मी केलं.

"माझा चार विटांचा विक्रम तसाच आहे तात्या. घाबरला असाल तर तसं सांगा."

पलीकडून आवाज आला, "कुनाला घाबरलोय गं?"

पुढच्या बाजारी ते शेजाऱ्याच्या पिकअपमधून उतरले. आत आले, खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. "भावाला दी. म्या मागितली तरी देऊ नगो म्हनावं." एवढं बोलून ते स्टुलावर बसले. किल्लीकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मग खेळात जोर राहिला नसता.

आधी मी खेळले. जीव तोडून खेळले, सूट दिली नाही. सहा विटा उरल्या. मग तात्यांनी माऊस टेबलाला नीट टेकवला. पण आज ते निराळेच बसले होते. मान डावीकडे, नजर थेट डाव्या कोपऱ्यावर रोवलेली. चेंडू उजवीकडे होता तरी बघत होते डावीकडेच.

"तात्या, चेंडू तिकडे आहे."

"दिसतोय मला. हिकडं बगितलं की तितलं आपसूक दिसतंय. डाक्टरनी नुस्ती मान वळवायला सांगितली, बाकीचं म्या घरी बसून शोदलं." चेंडू फळीवर आला, टक. "भरल्या वाफ्याकडं कोन बगतं? कोरड्याकडं बगायचं."

पहिला चेंडू गेला. दुसऱ्यानं कडेनं भोक पाडलं. "फुटला!" ते ओरडले, या वेळी बसूनच. तडतड विटा उडाल्या. टेलर कात्री हातात घेऊनच आत आला. दुसराही गेला, वीस विटा उरल्या, शेवटचा चेंडू. पंधरा. नऊ. सहा, माझ्या बरोबरीला आले. पाच. चार. माझा विक्रम! तीन. मी उठून उभी राहिले होते आणि आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे मला ठाऊक नव्हतं. एक वीट उरली, वर उजवीकडे. चेंडूचा वेग बघवत नव्हता. तो पडद्याच्या कडेला लागला, वळला आणि निघाला खाली. डाव्या कोपऱ्याकडे.

मी डोळे मिटून घेतले.

टक.

डोळे उघडले तर फळी कोपऱ्यात टेकलेली आणि चेंडू तिरपा वर चाललेला. "ह्यो वाफा भरायचाय अजून," तात्या पुटपुटले, आणि शेवटची वीट गेली. पडदा रिकामा, काळाभोर, एकही वीट नाही. मी किंचाळले. टाळ्या पिटल्या, उड्या मारल्या, टेलरच्या हातातली कात्री काढून त्याच्याशी हात मिळवला, तात्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर बसवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं.

तात्या स्टुलावरून मान वळवून माझ्याकडे बघत राहिले, पूर्ण वळवून, मी नीट दिसेपर्यंत.

"आगं पोरी," ते म्हणाले, "हरलीस की तू! नाचतीस काय? च्या टाक."